सहदेवमामाच्या अंगठ्याचा गंज

२८ सप्टेंबर १९८५, शनिवार

सहदेवमामा आज कामावरून आला तो वरच्या मजल्यावर स्वतःच्या खोलीत न जाता सरळ आमच्याकडे. रुमालात गुंडाळलेली स्टीलची एक दांडी काढून माझ्यासमोर ठेवली.

"नलू, तू सायन्सवाली ना? ह्या काय असा ता सांग."

दांडी आरशासारखी चकचकीत, करंगळीएवढी. तिच्यावर तपकिरी रंगात एक अंगठा उमटलेला. अगदी रेषान् रेषा, शाई लावून घेतल्यासारखा. पण शाई नव्हती. गंज होता.

"कोणाचा अंगठा?"

"माझो," मामा म्हणाला आणि खाली बसला. बसला म्हणजे जवळजवळ पडलाच.

मामा बारा वर्षं गिरणीत होता. संपानंतर तीन वर्षं मिळेल ते केलं आणि या मे महिन्यात मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात लागला. तिथे प्लग गेज बनवतात, म्हणजे मशीनच्या भागाला पाडलेलं भोक बरोबर मापाचं आहे की नाही हे ज्या दांडीने तपासतात ती. तिच्यावर शेवटचा हात मामा फिरवतो. हातमोजे चालत नाहीत, कारण माप बोटांना कळावं लागतं. सहा महिन्यांची ट्रायल दिवाळीत संपते, मग परमनंट. आणि आता पुण्याच्या गिऱ्हाइकाने अख्खी पेटी परत पाठवली. चाळीस दांड्या, चाळीस तपकिरी अंगठे.

म्हणजे मामाच्या घामाने स्टील गंजतंय. यार, कसली सॉलिड गोष्ट आहे ही. मामाला हे बोलले नाही अर्थात.

घामाबद्दल मला अनुभव आहे. माझे तळहात पहिलीपासून ओले. कॉन्व्हेंटमधे मिस माझी पसरलेल्या शाईची वही उचलून अख्ख्या वर्गाला दाखवायची. आत्तासुद्धा हाताखाली ब्लॉटिंग पेपर ठेवून लिहितेय. तेव्हा हा आमच्या घराण्याचाच घाम. आई म्हणाली, "सहदेवचे हात तर लाकडासारखे कोरडे असायचे." पण आईचं ऑब्झर्वेशन काही सायंटिफिक नाही.

मी हे शोधून काढणार. म्हणून ही डायरी. मराठीत, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की लॅबचं जर्नल होतं.

३० सप्टेंबर, सोमवार

लेक्चर बंक करून लायब्ररीत. मेडिसिनचं एक जाडं पुस्तक मिळालं.

माणसाच्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी. बहुतेक ठिकाणी घाम उकाड्याने येतो, अंग थंड ठेवायला. पण तळहात-तळपायाचा घाम मनाशी जोडलेला, भीती वाटली, घाई झाली, कोणी बघत असलं की येतो. मी जयंतीला, म्हणजे माझ्या लॅब पार्टनरला, सतरा गुणिले तेवीस तोंडी विचारलं आणि हात बघितला. ओलसर. "तू मला उंदीर समजतेस काय गं?" म्हणाली.

पुढे एक चॅप्टर होता, दुसऱ्या रोगांमुळे येणारा घाम. वीस पानं. मामा ठणठणीत आहे म्हणून सोडला.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. एक्सपेरिमेंट.

कातडीवर टिंक्चर आयोडिन लावायचं, सुकू द्यायचं, वर आरारूट भुरभुरवायचं. जिथे घाम येईल तिथे निळा-काळा ठिपका. प्रत्येक ठिपका म्हणजे एक ग्रंथी चालू.

माझा हात: दीड मिनिटात काळा. दंड, पाठ, काही नाही.

मामाचा हात: अर्ध्या मिनिटात काळा. दंड काळा. मी उत्साहात पाठीवरही लावलं, पाठ काळी. पंखा फुल होता. मामा पंख्याखालून हलतच नव्हता. हात पसरून धर म्हटलं तर धरवेना, आरारूट चादरीवर सांडलं.

निष्कर्ष: मामा माझ्यापेक्षा सिनिअर केस आहे.

मामी, म्हणजे रत्नप्रभामामी, चादर बघून म्हणाली, "गो बाय, घोवाक माझ्या काळो केलंस." आम्ही सगळे हसलो. मग तिने मामाला वाढलं. मोजल्या नाहीत, पण सात तरी भाकऱ्या गेल्या. "खाता दोघांचा आणि दिसता अर्धो," मामी म्हणाली. पँटच्या पट्ट्याला त्याने खिळ्याने दोन नवी भोकं पाडलीयत.

७ ऑक्टोबर, सोमवार

गाळ्यातल्या इन्स्पेक्शनचे सामंत साहेब डोक्याने जाम तेज दिसतात. शनिवारी त्यांनी सगळ्या बारा कामगारांचे अंगठे एका पॉलिश केलेल्या पट्टीवर ओळीने उठवून घेतले. पट्टी ओल्या फडक्याबरोबर डब्यात बंद. आज डबा उघडला. अकरा जागा कोऱ्या, नववी तपकिरी.

"गंजाचो हात म्हणतत त्येका," मामा म्हणाला. "असतत काय काय जणांचे. सायबान एक चान्स दिल्यान. एकोणीस तारखेक परत पट्टी. त्या वक्ताक गंज इलो तर दिवाळीचो कागद नाय."

मामीने भाजीत मीठ दोनदा घातलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

औषध आहे. ॲल्युमिनियम क्लोराइड स्पिरिटमधे विरघळवून रात्री कोरड्या हाताला लावायचं, सकाळी धुवायचं. ते ग्रंथींच्या तोंडाला बूच बसवतं. पुस्तकात प्रमाणही आहे.

स्पिरिट केमिस्टकडे मिळालं. क्लोराइड मिळालं नाही. पण आमच्या लॅबच्या कपाटात मोठी बाटली आहे आणि ती वर्षभर कोणी उघडलेली नाही. वही आडवी धरून थोडे खडे कागदात घेतले. जयंतीने बघितलं आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून मामाला दिलं. म्हटलं, "कुठून आणलं ते कोणाला सांगू नकोस हां. कळलं तर मला कॉलेजमधून काढतील."

"कोणाक सांगूचंय नाय," मामा म्हणाला. मग बाटली हुंगून, "बरो वास मारता. गावठीसारखो."

मामा पीत नाही. गिरणीत पगाराच्या दिवशी सगळे गुत्त्यावर जायचे तेव्हा हा त्यांच्या छत्र्या सांभाळायचा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

हात कोरडे होतायत. चुरचुरतंय म्हणतो, पण लावतोय. मी रोज संध्याकाळी हात बघते तेव्हा तो आधी माझ्याकडे बघतो.

अजून एक उपाय वाचला. हात पाण्याच्या ट्रेमधे ठेवून त्यातून बारीक करंट सोडायचा. कसं चालतं ते डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. मी बॅटरी आणणार होते. आई म्हणाली, "माझ्या घरात माणसाला करंट द्यायचा नाही. तुझी डिग्री होऊ दे, मग कोणालाही दे."

इतर: मामा जिन्यात मधेच बसला होता, म्हणाला मांड्यांत जोर नाही. आणि चहा निवलेला दिला म्हणून मामीवर ओरडला. मामा ओरडतो हे मला माहीतच नव्हतं. टेन्शन.

२१ ऑक्टोबर, सोमवार

बाराच्या बारा जागा कोऱ्या.

आज खंडेनवमी, गाळ्यात मशीनची पूजा होती. हळदकुंकू झाल्यावर साहेबांनी सगळ्यांसमोर डबा उघडला. मामा पेढे घेऊन आला. पहिला मला दिला. "डॉक्टरीण बाय," म्हणाला. पेढा देताना पुडा हातातून सुटला, चार पेढे कॉटखाली गेले. ते धुऊन खाल्ले.

मी एका रोगाला हरवलं. वय वर्षं एकोणीस.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

मामाला दुपारीच घरी पाठवलं. कामावर पिऊन आला म्हणून.

जे समजलं ते असं. पट्टीचा रिझल्ट आल्यावर मामाला वाटलं रात्री एकदा लावून एवढा फरक, तर दिवसातून चारदा लावलं तर गंज कायमचा जाईल. म्हणून तो बाटली कामावर न्यायला लागला. आज माप घेताना सामंत साहेब बाजूला उभे, तर हात इतका थरथरला की गेज खाली पडलं. साहेबांना हाताचा वास आला. लॉकर उघडायला लावला, आत लेबल फाडलेली तपकिरी बाटली.

"काय आहे हे?" साहेबांनी विचारलं.

"औषध."

"कसलं? कोणी दिलं? चिठ्ठी कुठाय डॉक्टरची?"

मामा यावर गप्प. शेवटपर्यंत गप्प. गाळ्याचे शेठ म्हणाले सोमवारी येऊन पगार घेऊन जा.

हे सगळं मामीने सांगितलं. मामा भिंतीकडे तोंड करून आडवा होता. मामीने हळूच त्याचा हात हुंगला. मी म्हटलं, "मामी, ते माझ्या औषधाचं स्पिरिट आहे गं."

"वास तुझ्या औषधाचो आसात," मामी म्हणाली. "पण हात कापता तो कित्याचो? गेले दोन म्हयने बघतंय मी. माका काय डोळे नाय?"

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

मला एक गोष्ट कळतच नाही. मामाने फक्त एवढंच सांगायचं होतं की माझी भाची सायन्सला आहे, तिने बनवून दिलंय. साहेबांनी मला विचारलं असतं, मी फॉर्म्युला दाखवला असता, पाच मिनिटांत मिटलं असतं. इतका काय तो इगो? आज विचारलं तर म्हणाला, "तू अभ्यास कर."

उद्या मी स्वतः मरोळला जाणार.

२६ ऑक्टोबर, शनिवार

गेले. गाळा मी समजत होते त्यापेक्षा छोटा. तेलाचा वास, आणि कोपऱ्यात काचेची एक खोली, तिच्यात सामंत साहेब. विद्याधर सामंत, पांढरा शर्ट, खिशात चार पेनं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी स्टूल पुढे केलं.

मी पुस्तकाचं पान लिहून नेलं होतं. आयोडिन आणि आरारूटही. माझ्या हातावर करून दाखवलं. साहेब चष्मा वर करून एवढे वाकून बघत राहिले की बाहेरचे दोघे कामगारही काचेला येऊन चिकटले.

"प्रत्येक ठिपका एक ग्रंथी?"

"हो."

"छान." मग सरळ बसले. "आणि बाटलीतलं ते क्लोराइड कुठून आणलंस?"

मी सांगणार होते की केमिस्टकडून. पण माझा हात त्यांच्या टेबलावर होता आणि ठिपके वाढायला लागले होते. त्यांना दिसत होते.

"कॉलेजच्या लॅबमधून."

"विचारून?"

"नाही."

"हे सहदेवला माहीत होतं?"

"हो. मी सांगितलं होतं, कोणाला बोलू नकोस म्हणून."

साहेबांनी कोरा कागद आणि खिशातलं एक पेन पुढे सरकवलं. मग म्हणाले, "लिहून दे. तुझं नाव, कॉलेजचं नाव, सही. शेठला मी तोंडी काय सांगू?"

लिहून दिलं. वाटलं मिटलं.

"हे झालं वासाचं," साहेब म्हणाले. "आता थरथरीचं सांग. जूनमधे हा माणूस एका दांडीचं माप तीनदा घ्यायचा, तीनदा तोच आकडा. आता तीनदा घेतो, तीन वेगळे आकडे. स्पिरिट हाताला लावून हात कापतो का?"

"नाही."

"मग?"

मला माहीत नव्हतं. मला इतकी लाज मिसने शाईची वही वर्गाला दाखवली तेव्हाही वाटली नव्हती.

"दारू नाही हे मी मानतो. कारण आण, मग शेठशी बोलतो. शेठ पंधरा दिवस थांबतील एवढं मी बघतो. पण कारण आण."

२९ ऑक्टोबर, मंगळवार

म्युनिसिपल हॉस्पिटल. मामी, मामा, मी. सकाळी सातला नंबर लावला, साडेअकराला आत.

डॉक्टर बाई तरुण होत्या, दमलेल्या. मी जास्त घामाच्या रोगाचं पुस्तकातलं नाव सांगायला सुरुवात केली, "यांना हायपर..." तर त्यांनी बोट वर केलं. मामाला म्हणाल्या, "हात पुढे करा, बोटं फाकवा." आणि त्याच्याच केस पेपरचा कागद त्याच्या बोटांवर ठेवला. कागद फडफडायला लागला. पंखा बंद होता.

मग गळा बघितला. "आवंढा गिळा. परत." नाडी बघितली, घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट. "एकशे अठरा. भूक कशी आहे?"

"दोन माणसांची," मामी म्हणाली.

"वजन?"

"पँट राहत नाय अंगार."

"झोपेत घाम येतो?"

"गादी उन्हात घालतंय रोज."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुझे हात दाखव. झोपेत ओले होतात?"

"नाही."

"कधीपासून आहे?"

"आठवतं तेव्हापासून."

"तुझं दुखणं हातापुरतं. तू म्हातारी होशील आणि हात ओले राहतील, बाकी काही होणार नाही. यांच्या गळ्यात थायरॉइड म्हणून ग्रंथी आहे, ती धावत सुटलीय. सगळं अंग चुलीवर ठेवल्यासारखं. भूक, घाम, थरथर, चिडचिड, मांड्यांतली कमजोरी, एकाच गोष्टीचं सगळं." मग मी बाटलीचं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चुलीचा धूर येत होता, तू खिडकी बंद केलीस."

रक्त घेतलं. रिपोर्ट आठवड्याने. तोपर्यंत नाडी खाली आणायच्या गोळ्या चालू. मामाने दोनच गोष्टी विचारल्या. गाठ कापावी लागेल काय, आणि हात परत कधी स्थिर ऱ्हवतील. "आधी गोळ्या. महिना-दीड महिना द्या. बरे होतात बहुतेक."

औषधाच्या लायनीत मी डायरी उघडली. भाकऱ्या, पट्ट्याची भोकं, पंखा, जिना, पेढे. सगळं माझ्याच अक्षरात. लायब्ररीतली ती वीस पानंसुद्धा लिहून ठेवलीयत, सोडली म्हणून.

५ नोव्हेंबर, मंगळवार

रिपोर्ट आला. थायरॉइडच. मोठ्या गोळ्या सुरू.

डॉक्टर बाईंच्या कागदाची कॉपी सामंत साहेबांना दिली. त्यांनी दोनदा वाचली. मग मी तिथूनच कॉलेजला गेले आणि लॅबच्या मॅडमना खड्यांचं सांगितलं. कोणी बोलावलं नव्हतं. पण आता माझ्या सहीचा कागद मरोळला आहे, आणि तो कधी कुठून कसा कॉलेजात येईल याची वाट बघत बसणं मला जमण्यातलं नाही. हातांचं पाणी पाणी होतं.

सायन्स असोसिएशनमधून माझं नाव काढलं. बाबांना भेटायला बोलावलंय. एक महिना लॅबमधे मॅडमच्या टेबलासमोर एकटीने बसायचं. काढून टाकलं नाही.

संध्याकाळी मामाला हे कळलं. मला वाटलं शाबास म्हणेल. तो उठून उभा राहिला, भिंतीला धरून.

"कोणी सांगलेला तुका? लिवन दिलंस, वर थंय जावन पण सांगलंस? मगे मी कित्याक गप रवलंय? नोकरी घालवलंय ती कित्याक?"

आणि वर निघून गेला.

आई पोळ्या लाटत होती, तिने वळून बघितलं नाही. मला वाटतं घरात हे मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

मामा माझ्याशी बोलत नाही. समोरून गेले तर छताकडे बघतो.

शेठचा निरोप आला. दिवाळीनंतर ये, पण मापाच्या कामावर नाही, पॅकिंगला. ट्रायल तीन महिने वाढवली. दर शनिवारी सामंत साहेब बोटांवर कागद ठेवणार. कागद हलायचा थांबला की मापावर परत, आणि मग परमनंटचं बघू. मामीने निरोप ऐकून देवापुढे साखर ठेवली. मामा म्हणाला, "बघू म्हणजे काय ता बघू."

१ डिसेंबर, रविवार

मामा आज खाली आला. पाच नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

माझ्यासमोर एक कागद ठेवला. गाळ्यातला इन्स्पेक्शनचा फॉर्म, मागची बाजू. रेघा मारून रकाने केलेले. तारीख, वेळ, नाडी. प्रत्येक वेळची नाडी तीनदा मोजलेली, तिन्ही आकडे लिहिलेले. एकशे चार, एकशे सहा, एकशे चार. मग शहाण्णव. या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी. शेवटच्या दोन ओळींत तिन्ही आकडे सारखे.

"काल कागद ठेवल्यान सायबान," म्हणाला. "हललो, पण थोडो. पुढच्या शनवारी बघ."

मी डायरी पुढे केली, म्हणजे माझ्याकडचंही त्याने बघावं. त्याने पानं उलटली.

"ह्या काय लिवलंस? तारीख असा, टायम नाय. भाकऱ्यो 'सात तरी'. सात तरी म्हणजे किती? सामंत सायब ह्या तोंडार मारतीत."

"सॉरी."

"सॉरी नको. रेघो मार."

पट्टी आणली. रेघा मारल्या. त्याने माझं पेन घेतलं, वरती स्वतःच्या अक्षरात 'नलू' लिहिलं आणि म्हणाला, "त्या डॉक्टरणीन तुझ्या हाताक काय सांगलेला? म्हातारी होयसर ऱ्हवतले म्हणून? ता बघू मगे. आधी माप घेवया. हात दी."

मी दिला. ओला होता, नेहमीसारखा. मामाने तो उलटा-सुलटा करून उजेडात धरला, गेज धरतो तसा, बोटांच्या टोकांनी. माझा हात धरला की लोक नंतर आपला हात कपड्याला पुसतात. मुद्दाम नाही पुसत, आपोआप होतं, जयंतीसुद्धा पुसते. मामाने पुसला नाही. त्याला लिहायची घाई होती.

"धा वाजान चाळीस मिन्टा," तो पुटपुटला. "ओलो. आता परत दी. तीनदा घेवक व्हयो."